एका सेंटचं काय करायचं?

अमेरिकेत अटलांटा शहराशेजारच्या आमच्या ग्विनेट काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) पोह्यांच्या पाकिटावर जॉर्जिया राज्याचा कर नाही, काउंटीचा आहे. राज्याचा विक्रीकर चार टक्के, पण घरी नेऊन शिजवायचा किराणा त्यातून वगळलेला. स्थानिक दोन टक्के मात्र किराण्यालाही सोडत नाहीत. त्यातला एक सेंट शाळांच्या इमारतींसाठी, दुसरा रस्ते, बागा, अग्निशमन केंद्रं असल्या कामांसाठी. तूरडाळ, पोहे, हिंग, गोठवलेलं खोबरं, सगळ्यावर डॉलरमागे दोन सेंट. आता गंमत अशी, की तोच गृहस्थ दुकानातून निघून साठ हजारांची गाडी घ्यायला गेला तर तिच्यावर हे दोन सेंट लागत नाहीत. २०१३ पासून जॉर्जियात नव्याने घेतलेल्या गाडीवर विक्रीकर नाहीच. ती नावावर करताना एकरकमी वेगळा कर भरायचा. तो काही किरकोळ नसतो, पण काउंटीने उद्या विक्रीकर सेंटभर वाढवला तरी तो जागचा हलत नाही.

सार्वजनिक वाहतुकीसाठी आणखी एक सेंट द्यायचा का, हा प्रश्न नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या मतपत्रिकेवर आला तेव्हा माझ्या डोक्यात आधी ही गाडीच आली. बसचे पैसे डाळीतून येणार, गाडीतून नाही. तरीही मी 'हो' म्हणणाऱ्यांतला होतो. आम्ही हरलो.

इथे कर लावण्याआधी लोकांना विचारतात, याचं माझ्या पुण्यातल्या मावसभावाला फार हसू येतं. त्याच्या पगारातून दर महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत तीनशे. हा कर कशासाठी सुरू झाला हे त्याला माहीत नव्हतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायचा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली तो आणला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा तो सरळ हिशोब. माझ्या मते महाराष्ट्राने लावलेल्या सगळ्या करांत हा सर्वांत देखणा कर. पण तोही कुणाला विचारून लावला नव्हता, आणि विचारलं असतं तर पुण्या-मुंबईच्या पगारदारांनी काय उत्तर दिलं असतं याची मला फारशी शंका नाही. भावाने मध्यंतरी फ्लॅट घेतला तेव्हा मुद्रांक शुल्कावर आणखी एक टक्का भरला. एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरला घर घेणाऱ्यांवर लागलेला हा मेट्रो सेस. म्हणजे वाहतुकीसाठी एक टक्का तोही देतोच. "आम्हाला विचारत बसले असते तर मेट्रोचा एक खांब उभा राहिला नसता," हे त्याचं म्हणणं. ग्विनेटचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर या वाक्याला उत्तर देणं सोपं नाही.

इथली पद्धत अशी. १९८५ च्या राज्य कायद्याने काउंटीला मुदतीचा एक सेंट विक्रीकर लावता येतो, पण तो कशावर खर्च करणार ते आधी सांगून मतदान घ्यावं लागतं. 'स्पेशल पर्पज लोकल ऑप्शन सेल्स टॅक्स' असं त्याचं लांबलचक नाव, बोलताना नुसतं स्प्लॉस्ट. मुदत संपली की पुन्हा यादी, पुन्हा मतदान. ग्विनेटची न्यायालय आणि प्रशासनाची भलीमोठी इमारत पहिल्याच स्प्लॉस्टमधून झाली. सध्याचा सहा वर्षांचा कर नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. त्यातून सुमारे १.३५ अब्ज डॉलर येतील असा अंदाज होता आणि काउंटीच्या वाट्याचा मोठा भाग रस्त्यांचा. रस्त्यांची यादी आली की आमचे लोक फार खळखळ करत नाहीत. चौकातलं डावं वळण सुधारणार, पूल रुंद होणार, सिग्नल बसणार. प्रत्येकाला आपापला सिग्नल आठवतो. घोडं अडतं ते बसपाशी.

तेही आजचं नाही. मार्टा, म्हणजे अटलांटाची रेल्वे आणि बस चालवणारी संस्था, तिच्यासाठी १९६८ साली पहिल्यांदा पैसे मागितले गेले. तेव्हा कर मालमत्तेवर बसणार होता आणि आराखडा शहरातल्या व्यापारी मंडळींनी आखलेला. कृष्णवर्णीय वस्त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी विरोधात मत दिलं आणि ठराव पडला. १९७१ साली महापौर सॅम मॅसेल यांनी मालमत्ता कर सोडून एक सेंट विक्रीकराचा मार्ग काढला. विक्रीकर गरिबाला जास्त चावतो, हा आक्षेप तेव्हाही होताच. त्यावर तोडगा निघाला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो: बसचं भाडं ४० सेंटवरून १५ सेंटवर आणायचं आणि सात वर्षं वाढवायचं नाही. जो डाळीवर सेंट देणार त्याला तो तिकिटात परत. मॅसेल स्वतः बसमध्ये चढून लोकांना हे समजावत. गर्दीच्या वेळी हेलिकॉप्टरमधून महामार्गावर घिरट्या घालून, या कोंडीतून सुटायचं असेल तर 'हो' म्हणा, असं भोंग्यावरून ओरडल्याचीही गोष्ट आहे. प्रचारात हेलिकॉप्टर आपल्याला नवीन नाही, पण करवाढीच्या प्रचाराला?

अटलांटा शहर ज्यांत येतं त्या फुल्टन आणि डीकॅल्ब काउंट्यांनी 'हो' म्हटलं. क्लेटन आणि ग्विनेट 'नाही' म्हणाल्या. ग्विनेटची वस्ती तेव्हा ७२ हजारांच्या आसपास, बहुतेक गोरी. 'शहरातली गुन्हेगारी आमच्याकडे येईल' या वाक्याचा अर्थ तेव्हा सगळ्यांना कळत होता. मार्टा या आद्याक्षरांवरून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारा एक घाणेरडा विनोदही होता, तो इथे लिहीत नाही. १९९० मध्ये ग्विनेटने पुन्हा मतदान घेतलं आणि पुन्हा नकार दिला. १९९२ मध्ये मार्टाची रेल्वे डोराव्हिलपर्यंत आली आणि काउंटीच्या हद्दीच्या अलीकडे थांबली. ती तिथेच आहे.

यादी कशी बिघडते याचा धडा मात्र २०१२ चा. त्या वर्षी अटलांटा परिसरातल्या दहा काउंट्यांनी मिळून दहा वर्षं एक सेंट द्यायचा, असा ठराव आला. सुमारे ७.२ अब्ज डॉलर. यादी करायला २१ निवडून आलेल्या लोकांची बैठक, तिने महिनोन्‌महिने घासाघीस करून १५७ कामं ठरवली. सामायिक पैशांपैकी निम्म्याहून थोडा जास्त सार्वजनिक वाहतुकीला, उरलेला रस्त्यांना. व्यापारी मंडळींनी प्रचारावर लाखो डॉलर ओतले. ३१ जुलैला निकाल लागला: सुमारे ६३ टक्के विरोधात.

विरोधात कोण होतं ते पाहा. करांना विरोध करणारे उजवे टी पार्टीवाले, कारण कर. सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेची जॉर्जिया शाखा, कारण त्यांच्या मते यादीत रस्ते फार. डीकॅल्बमधली एनएएसीपी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, कारण तिथले लोक चाळीस वर्षं मार्टाचा सेंट देत होते, आता दुसरा द्यायचा आणि त्यांच्या दक्षिण भागाला हवी असलेली रेल्वे यादीत नाहीच. गणपतीची वर्गणी सगळ्या गल्ल्यांकडून घेतली आणि मंडप कुठे हे ठरवताना प्रत्येकाच्या दारात एकेक बांबू रोवला, तर जे होईल तेच झालं. कुणालाच मंडप दिसला नाही, बांबू मात्र सगळ्यांना दिसला. हे तीन गट एरवी एका खोलीत बसले नसते.

मी ती यादी तेव्हा वाचली होती. ती वाईट नव्हती. मला आजही वाटतं की त्यातली बरीचशी कामं व्हायला हवी होती. पण यादी लांबली की विरोधाची कारणंही लांबतात, हे तिच्या कर्त्यांच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक नव्या ओळीने एक मत मिळेल असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात प्रत्येक मतदार आपली ओळ शोधायचा आणि सापडली नाही की रागवायचा.

ग्विनेटची पुढची तीन मतदानं मी इथे राहून पाहिली. २०१९ चं मार्च महिन्यात, मुद्दाम वेगळ्या दिवशी. मार्चमध्ये मतदानाला येतो कोण? घर स्वतःचं, वय साठीपुढचं, गाडी दारात. प्रश्नाची भाषा अशी, की काउंटीने वाहतूकसेवेचा करार केला आहे, तो मंजूर करावा का. करार मार्टाशी आणि त्यासोबत सेंटभर कर २०५७ पर्यंत, पण ते मतपत्रिकेवरून कळलं नसतं. समर्थकांना ही हुशारी वाटली असावी. लोकांना ती लपवाछपवी वाटली. ठराव पडला. माझ्या हातात तेव्हा ग्रीन कार्ड होतं, मत नव्हतं.

२०२० ला नवा आराखडा आला. डोराव्हिलहून रेल्वे हद्द ओलांडून जिमी कार्टर बुलेवार्डपर्यंत आणायची, बाकी वेगवान बसमार्ग. चार लाखांहून जास्त मतं पडली आणि सुमारे हजार मतांनी ठराव हरला. हजार! आमच्या एका मोठ्या वसाहतीत एवढी माणसं राहतात.

आणि २०२४. या वेळी रेल्वे यादीतून गेली. भर दिला मायक्रोट्रान्झिटवर: फोनवरून बोलवायची छोटी व्हॅन, काउंटीच्या कानाकोपऱ्यात. तीस वर्षं, सुमारे १७ अब्ज डॉलर. यामागचं गणित उघड होतं. २०२० ला काउंटीच्या ज्या भागांनी 'आम्हाला काय मिळणार?' विचारून 'नाही' म्हटलं, त्यांच्याही दारात काहीतरी न्यायचं. सगळ्यांना थोडं थोडं. फरक हजार मतांचा होता, तेवढी मतं तर मिळतीलच. मिळाली नाहीत, उलट अंतर वाढलं. ज्यांना बस नको होती त्यांना व्हॅनही नको होती, आणि ज्यांना रेल्वे हवी होती त्यांना 'तीस वर्षं पैसे द्या आणि व्हॅनची वाट पाहा' यात राम वाटला नाही.

त्या वर्षी गणपतीत प्रसादाच्या रांगेत हा विषय निघाला होता. एक काका, इथे तीस-पस्तीस वर्षं राहिलेले, ठाम विरोधात.

"अरे, डोंबिवलीहून लोकलला लटकून नोकरी केली मी. आता इथे येऊन पुन्हा बस?"

"काका, तुम्हाला कुठे बसायचंय?"

"तेच म्हणतो ना! मला बसायचं नाही, मग मी पैसे का द्यायचे?"

एक काकू म्हणाल्या, घरांच्या किमती उतरतील. त्यावर मागून कुणीतरी, अहो, दादर-ठाण्याला स्टेशनजवळचं घर महाग असतं की स्वस्त? काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचा मोदक घ्यायला निघून गेला. तिसऱ्याचा मुद्दा मला पटण्यासारखा होता. तो म्हणाला, कोविडनंतर अर्धी काउंटी घरून काम करते आणि तीस वर्षांनी गाड्या आपोआप चालत असतील, मग आज २०५५ पर्यंतचा शब्द का द्यायचा? याला मी काही चांगलं उत्तर दिलं नाही. सहा वर्षांच्या रस्त्यांच्या करासारखी बसच्या करालाही छोटी मुदत हवी होती, असं मला आजही वाटतं. रुळांना तीस वर्षं लागतात. व्हॅन घ्यायला लागत नाहीत.

डोंबिवलीच्या त्या काकांवर मी चिडलो नाही. त्यांच्या बोलण्यात एक सरळपणा होता जो समर्थकांच्या पत्रकांत नव्हता. यादी दाखवून मत मागितलं की माणूस आधी स्वतःला त्या यादीत शोधणारच. व्यवसाय कराच्या वेळी कुणी यादी दाखवली नाही, म्हणून सांगलीच्या कारकुनाने सांगोल्याच्या पाझर तलावात स्वतःला शोधलं नाही. ते बरं की वाईट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. माझा भाऊ म्हणतो तेवढं ते सोपं नक्कीच नाही: विचारलं नाही म्हणून मेट्रो झाली, हे खरं, पण मेट्रोच्या स्थानकातून उतरल्यावर पुढे घरी जायला काय, हेही कुणी विचारलं नाही.

ग्विनेटमध्ये बस ज्याला हवी तो आणि बसवर मत देतो तो, ही दोन वेगळी माणसं आहेत. काउंटीची वस्ती २०२० च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर गेली. कुठल्याच एका वंशाचं बहुमत उरलेलं नाही. मतपत्रिका स्पॅनिशमध्येही छापावी लागते. कोंबड्या सोलण्याच्या कारखान्यातला, हॉटेलच्या मागच्या बाजूचा, रात्री कार्यालयं झाडणारा माणूस बसने जातो आणि पुष्कळदा नागरिक नसतो. आपली मंडळी तर वेगळीच. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशासाठी साधारण सात टक्क्यांची मर्यादा असते, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. घर घेतात, मुलं इथल्या शाळेत मोठी होतात, पोह्यांवरचे दोन सेंट चुकत नाहीत, आणि मतदानाच्या दिवशी हे लोक ऑफिसात.

आणि त्यांच्या घरी सहा महिने येऊन राहणारे आईवडील. यांच्याविषयी कुठल्याही सभेत कुणी बोलताना मी ऐकलं नाही. माझी आई सोलापुरात सत्तरीतही एकटी रिक्षा थांबवून बँकेत, देवळात, बहिणीकडे जात असे. इथे आल्यावर तिला दूध आणायलाही माझ्या सुट्टीची वाट पाहावी लागे. वसाहतीतले गोल रस्ते फिरून फिरून तिला पाठ झाले होते. वसाहतीच्या तोंडाशी चार पदरी रस्ता, आणि त्याच्या कडेला पदपथ थोडा असून मध्येच संपलेला. तिथवर जाऊन ती परत फिरे. "तुमच्याकडे माणसाला चालायला बंदी आहे का रे?" असं तिने एकदा विचारलं होतं, भाजी निवडता निवडता, अगदी सहज. फोनवरून बोलवायची व्हॅन तिला जमली असती का? कदाचित शेजारच्या गुजराती आजींबरोबर जमवलीही असती. मी 'हो' मत दिलं त्यात या दोघींचा वाटा मोठा, हे लपवत नाही. म्हणजे मीही यादीत आपलंच माणूस शोधलं.

क्लेटन काउंटीचं उदाहरण समर्थक नेहमी देतात आणि ते खरंच बोलकं आहे. १९७१ ला ग्विनेटसारखीच 'नाही' म्हणालेली ही काउंटी. तिची स्वतःची छोटी बससेवा होती. पैसे नाहीत म्हणून ३१ मार्च २०१० ला ती बंद झाली. त्यानंतर पाच वर्षं लोकांनी विमानतळावरच्या, गोदामांतल्या नोकऱ्यांवर पायी, उसन्या गाडीने जाऊन काढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मार्टासाठी एक सेंट मागितला तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी 'हो' म्हटलं, आणि २०१५ च्या मार्चमध्ये बस पुन्हा आली. तिथे यादी वाचायची गरजच उरली नव्हती. पण तिथेही एक मेख आहे: त्या सेंटातला अर्धा रेल्वेसारख्या मोठ्या कामासाठी बाजूला ठेवायचा होता, आणि त्या रेल्वेचा पुढे वेगवान बसमार्ग झाला. मतदान एकदा होतं, यादी नंतरही बदलत राहते. ज्यांनी रेल्वेसाठी मत दिलं त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही. उलट बाजूने मार्टाच्या मूळ कायद्यात विधिमंडळाने अशीही अट घातली होती की कराचा ठरावीक भाग बांधकामावरच जावा, चालवण्यावर नाही. मंदी आली तेव्हा बांधकामाच्या खात्यात पैसे असून बसमार्ग कापावे लागले. ती अट कायमची उठायला २०१५ उजाडलं. यादी फार सैल बांधली तर फसवणूक, फार घट्ट बांधली तर हे.

सध्याच्या स्प्लॉस्टची मुदत मार्च २०२९ मध्ये संपते. म्हणजे त्याआधी पुन्हा सभा, पुन्हा यादी. या सभांत भिंतीवर मोठे नकाशे लावतात आणि आल्यागेल्याच्या हातात रंगीत टिकल्या देतात. जिथे काम हवं तिथे टिकली चिकटवायची. बसचा सेंट इतक्यात परत मागायची कुणाची हिंमत होईल असं दिसत नाही. पण पदपथ रस्त्यांच्या पैशांतून होतो, त्याला बसचं नावही घ्यावं लागत नाही. आमच्या वसाहतीच्या तोंडापासून पहिल्या सिग्नलपर्यंतचा तो तुटका भाग अर्ध्या मैलाचाही नाही. तिथून पुढे किराण्याचं दुकान, औषधाचं दुकान आणि काउंटीच्या बसचा एक थांबा आहे, ज्यावर उभा राहिलेला माणूस गवतात उभा असतो. मी टिकली तिथे लावणार आहे. प्रसादाच्या रांगेतल्या त्या काकांनाही बरोबर नेईन म्हणतो. गुडघे दुखू लागल्यापासून रात्री गाडी चालवायचं ते टाळतात, असं काकू सांगत होत्या.